एसी उशिरा गार होतोय? गॅस भरायच्या आधी हे करून बघा

गोव्यात रायबंदरला गाडी फेरीबोटीवर चढवली, इंजिन बंद केलं, चोडणच्या धक्क्यावर उतरताना परत चालू केलं, एसीचं बटण दाबलं आणि व्हेंटमधून चुलीसमोर बसल्यासारखी हवा. एप्रिलची दुपार, शेजारी आई, ती पदराने वारा घेत म्हणते काच खाली कर रे बाबा, जीव घुसमटतोय. मग दोन-तीन किलोमीटर गेलं की बॉनेटखालून टक् असा बारीक आवाज यायचा आणि अर्ध्या मिनिटात हवा एकदम थंडगार. आमच्या सेकंडहँड हॅचबॅकचं हे दोन उन्हाळे चाललं होतं. त्या दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरून घेतला, दर वेळी एकच उत्तर की गॅस कमी झालाय, दर वेळी पैसे गेले आणि पुढच्या फेरीला परत तेच.

शेवटी फोंड्याला एका वयस्क एसीवाल्याकडे गाडी नेली. त्यांनी गॅसचा दाब मोजायचा गेज हातात घेतलाच नाही, बॉनेट उघडून आधी नुसते कान देऊन उभे राहिले, मला गाडी दोनदा बंद-चालू करायला लावली आणि म्हणाले, "पयलीं आयक, मागीर गॅस." तेव्हापासून मी प्रत्येक नवीन गाडी घेणाऱ्याला हेच सांगतो, आधी ऐका, मग गॅस. एसी उशिरा गार होणं म्हणजे एकच आजार नाहीये, पाच-सहा वेगवेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाची उशीर करायची पद्धत वेगळी आहे, ती पद्धत तुम्ही नीट बघितली तर गॅरेजमध्ये जायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं. म्हणून हे पायरी पायरीने लिहितोय, ज्यांनी आयुष्यात कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांनाही जमेल असं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. ती बंद सिस्टीम आहे, तोच गॅस गोल गोल फिरत राहतो. रबरी होज आणि जोडांमधल्या रबरी ओ-रिंगमधून वर्षांवर्षांनी थोडासा झिरपतो हे खरं, पण एका सीझनमध्ये कमी झाला तर कुठेतरी लीक आहे आणि लीक न शोधता भरलेला गॅस परत जाणारच.

पायरी १: तीन दिवस घड्याळ लावा

मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहेच. स्वयंपाकघरात वापरतात तो टोकदार डिजिटल थर्मामीटर मिळाला तर मधल्या व्हेंटमध्ये खोचून ठेवा. आणि दर वेळी चार गोष्टी लिहा: गाडी किती वेळ उभी होती (रात्रभर की पंधरा मिनिटं), उन्हात की सावलीत, बटण दाबल्यापासून पहिली गार झुळूक किती वेळाने आली, आणि ती आली तेव्हा गाडी चालत होती की सिग्नलला उभी होती. एवढंच. पण प्रामाणिकपणे लिहा, "खूप वेळ" असं लिहू नका, कारण घामाने अंग भिजलेलं असताना दीड मिनिटसुद्धा दहा मिनिटांसारखं वाटतं.

नॉर्मल किती? मेंटेन केलेली साधी पेट्रोल हॅचबॅक सावलीत उभी असेल तर अर्ध्या-एक मिनिटात व्हेंटची हवा गार लागायला लागते आणि पाच-आठ मिनिटं चालवल्यावर थर्मामीटर १० अंशांच्या आसपास येतो, थोडं वरखाली. उन्हात तासनतास उभी असलेली गाडी असेल तर हे सगळं बरंच लांबतं, कारण काचा बंद गाडीच्या आतलं तापमान ५० अंशांच्या वर गेलेलं असतं, डॅशबोर्ड तर त्याहून जास्त, आणि हवा येते ती त्याच तापलेल्या डॅशबोर्डच्या आतल्या पाइपांतून. पहिल्या मिनिटाला गरम फुंकर येणं हा बिघाड नाही.

आणि गोव्याची एक गोष्ट वेगळी आहे. माझा पुण्याचा मावसभाऊ नेहमी म्हणायचा की आमच्याकडे ३८ डिग्री असते तरी माझी गाडी पटकन गार होते, तुमच्याकडे ३३ ला का नाही होत? गणित करून बघा. ३३ अंशांची हवा आणि ७० टक्के आर्द्रता म्हणजे एका घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाण्याची वाफ. पुण्याची एप्रिलची दुपार ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के धरली तर फक्त ९ ग्रॅम. एसीच्या कूलिंग कॉइलला हवा थंड करायच्या आधी, किंवा म्हणा थंड करता करता, ही वाफ पाणी करून खाली टाकावी लागते आणि त्यात तिची बरीच ताकद जाते. गाडीखाली थेंब थेंब पाणी पडतं ते हेच, ते चांगलं लक्षण आहे, घाबरू नका. म्हणून मुंबई-गोव्याच्या गाडीची तुलना पुणे-सोलापूरच्या गाडीशी करू नका, आपल्याकडे मिनिट-दोन मिनिटं जास्त लागणारच.

पायरी २: एसी लावायची पद्धत सुधारा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दुपारी बारा वाजता बाहेर आलात, गाडी उन्हात भाजलीय. बसल्या बसल्या काचा बंद करून एसी फुल्ल करू नका. एका बाजूची काच पूर्ण खाली करा आणि विरुद्ध बाजूचा दरवाजा चार-पाच वेळा उघडझाप करा, आतली तापलेली हवा पंख्याने ढकलल्यासारखी बाहेर जाते. मग गाडी आणि एसी चालू करा, ब्लोअर म्हणजे हवेचा पंखा मोठा ठेवा, काचा अर्ध्या खाली, बाहेरची हवा आत घ्यायचं सेटिंग ठेवा आणि लगेच निघा. एक-दोन मिनिटांत आतली हवा बाहेरच्याइतकी झाली की काचा वर करा आणि रीसर्क्युलेशन चालू करा, ते गोल फिरणाऱ्या बाणाचं बटण. हे बटण पुष्कळ जण दाबतच नाहीत! ते बंद असेल तर तुमचा एसी सतत बाहेरची नवीन दमट हवा सुकवत बसतो, आणि मग अर्धा तास झाला तरी समाधान नाही.

जागेवर उभं राहून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्यात काही अर्थ नाही. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) हळू फिरतो, समोरून वाराही नसतो, चालती गाडी लवकर गार होते. आणि बंद शेडमध्ये किंवा बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये तर इंजिन चालू ठेवून बसूच नका, सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो, लहान मुलं आत बसलेली असतील तर जास्तच काळजी घ्या.

निम्म्या लोकांची तक्रार इथेच संपते. ज्यांची संपली नाही त्यांनी पुढे वाचा.

पायरी ३: बिनपैशाच्या तपासण्या

टेम्परेचरचा नॉब पूर्ण निळ्याकडे आहे ना ते बघा. हसण्यासारखं वाटेल पण आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीत नॉब निळ्याच्या थोडा अलीकडे अडकायचा, आतली केबल सरकली होती, त्यामुळे हीटरची झडप पूर्ण बंदच व्हायची नाही. याची खूण अशी की सकाळी इंजिन थंड असताना हवा छान गार आणि इंजिन तापलं की हवा कोमट, म्हणजे उशिरा गार होण्याच्या अगदी उलटं. पण मधे गाडी बंद करून परत चालू केली की तुम्हाला वाटतं एसी लागायला वेळ घेतोय, म्हणून इथे सांगितलं.

मग केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली येतो, मागे एक प्लास्टिकचं झाकण, त्यात कागदी फिल्टर. एकदा काढून उजेडात धरा. पावसाळ्यानंतर आमच्याकडचा फिल्टर काळा पडलेला, बुरशीचा वास आणि मधे आंब्याची सुकलेली पानं, असा निघतो. हवा कमी येते म्हणजे गार व्हायला उशीर, साधा हिशोब आहे. चतुर्थीनंतर पाऊस कमी झाला की दर वर्षी बदलून टाका, डिचोली-साखळी-उसगाव साइडला, खाणींच्या पट्ट्यात धूळ खाणारी गाडी असेल तर वर्षातून दोनदा. काचेच्या खाली वायपरजवळ जी जाळी असते तिथली पानं पण काढा, ती कुजून आत जातात.

पायरी ४: बॉनेट उघडा आणि ऐका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, एसी बंद. एक जण आत, तुम्ही बॉनेटसमोर. ओढणी, गळ्यातली साखळी, शर्टाची सैल बाही, मोबाइलची दोरी, काहीही बेल्टजवळ जाता कामा नये, आणि रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब, तो कधीही आपोआप चालू होतो, काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरसुद्धा.

आता आतल्याला सांगा एसी लाव. तीन गोष्टी लागोपाठ व्हायला पाहिजेत: कॉम्प्रेसरच्या पुलीवरून टक् असा आवाज, इंजिनचा आवाज क्षणभर जड होऊन परत सावरणं, आणि समोरचा पंखा फिरायला लागणं, काही गाड्यांत पंखा थोडा थांबून लागतो. टक् दिसतोही, पुलीच्या तोंडावरची प्लेट आधी स्थिर असते ती फिरायला लागते. प्लेट पुलीला जोडणाऱ्या या भागाला कॉम्प्रेसरचा क्लच म्हणतात (पायाखालचा क्लच नव्हे). काही नवीन गाड्यांत हा क्लचच नसतो, कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतल्या आत कमीजास्त होतो, तिथे टक् ऐकू येणार नाही, तिथे पाइपच्या स्पर्शावरून ठरवावं लागतं.

इंजिन चालू केल्या केल्या पहिले काही सेकंद गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम कॉम्प्रेसर लावत नाही, इंजिनला श्वास घेऊ देतो, ते नॉर्मल. चोर्ला किंवा अनमोड घाटात पाय पूर्ण दाबला की एसी थोडा वेळ सुटतो तेही नॉर्मल. पण घाटात एसी जाऊन बराच वेळ आलाच नाही तर इंजिनच्या तापमानाचा काटा बघा, इंजिन जास्त तापलं की कॉम्प्युटर एसी तोडतो, तेव्हा प्रॉब्लेम एसीचा नसून कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा असतो. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधी उघडू नका, काहीही झालं तरी.

आता पाइप. बॉनेटखालून आत केबिनच्या भिंतीकडे एसीचे दोन ॲल्युमिनियमचे पाइप जातात, एक जाड एक बारीक. एसी दोन-तीन मिनिटं चालल्यावर इंजिन बंद करून भिंतीजवळच्या जाड पाइपला हात लावा, तो थंड आणि घामेजलेला पाहिजे, आपल्या दमट हवेत तर फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखे थेंब धरतात. बारीक पाइप कोमट. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सरकडे, म्हणजे रेडिएटरच्या पुढच्या जाळीकडे जाणारा पाइप मात्र प्रचंड गरम असतो, त्याला हात लावू नका. पाइपवर जी एच आणि एल लिहिलेली टोपणं असतात तीही घरी उघडून बोट घालू नका, गॅस बाहेर आला तर उणे २६ अंशांना उकळणारी गोष्ट आहे ती, कातडी आणि डोळा दोन्हीला धोका.

पायरी ५: तुमच्या गाडीचा उशीर कुठला ते ओळखा

टक् लगेच आला, जाड पाइप थंडगार, पण व्हेंटची हवा गार नाही. म्हणजे गॅस, कॉम्प्रेसर सगळं ठीक, अडचण केबिनच्या आत. फिल्टर, ब्लोअर, हीटरची झडप, किंवा कूलिंग कॉइलवर वर्षांची घाण. अशा गाडीत कुणी गॅस भरायला सांगितला तर सरळ नाही म्हणा.

टक् येतो, चार-पाच सेकंदांत सुटतो, परत येतो, परत सुटतो. ही मात्र गॅस कमी असल्याची नेहमीची खूण. सिस्टीममध्ये प्रेशर स्विच असतो, दाब ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेला की तो कॉम्प्रेसर तोडतो, दाब सावरला की परत जोडतो. अशी गाडी तशीच महिनाभर चालवू नका, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, गॅस कमी म्हणजे तेल परत येत नाही आणि हजार-दोन हजारांचं लीक शेवटी नवीन कॉम्प्रेसरवर जातं.

गाडी चालते तेव्हा गार, पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की कोमट, परत निघाली की गार. पंखा बघा. समोरचा पंखा फिरत नसेल किंवा हळू फिरत असेल, किंवा कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची जाळी चिखलाने भरलेली असेल. ही जाळी घरी धुता येते, साध्या बागेच्या पाइपने, हळू धारेने, इंजिन थंड असताना, पंखा बंद असताना. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पातळ पाती वाकतात आणि वारा आणखी अडतो. कळंगुट, बागा, कोलवा या बाजूला समुद्राच्या अगदी जवळ राहणाऱ्यांनी तर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावीच, खारा वारा ॲल्युमिनियम खातो आणि बारीक भोकं पडतात.

सुरुवातीला मस्त गार, अर्ध्या तासाने हवाच कमी आणि कोमट, एसी दहा मिनिटं बंद ठेवला की परत छान. कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय, कॉइलच्या तापमानाचा सेन्सर किंवा फिल्टर बघा. किंवा सिस्टीममध्ये ओलावा गेलाय आणि तो एक्सपान्शन वॉल्वच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणाऱ्या झडपेच्या) बारीक तोंडात गोठतोय.

सकाळी पहिल्यांदा लावल्यावर टक् येतो, प्लेट फिरते, पण पाच-सात मिनिटं काहीच नाही आणि मग अचानक गार. हे एक्सपान्शन वॉल्व अडकण्याचं किंवा थोडा कमी गॅस असण्याचं काम, आणि क्लच नसलेल्या कॉम्प्रेसरमध्ये कंट्रोल वॉल्वचं. इथे गेजशिवाय सांगता येत नाही, एसीवाल्याकडे जावंच लागतं.

आणि शेवटचा माझा आजार. सकाळी बरोबर, थंड इंजिनवर बरोबर, पण गरम गाडी दहा-पंधरा मिनिटं बंद करून परत चालू केली की टक् येतच नाही, चालवत राहिलं की काही मिनिटांनी येतो. याच्यावर थोडं जास्त लिहितो कारण इतक्या लोकांनी याच्यासाठी फुकट गॅस भरलाय की मला वाईट वाटतं.

पुली बेल्टवर सतत फिरत असते. एसी लावला की तिच्या आतल्या तांब्याच्या कॉइलमध्ये करंट जातो, ती चुंबक बनते आणि पुढची लोखंडी प्लेट ओढून पुलीला चिकटवते, तोच टक्. प्लेट आणि पुलीमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते, बहुतेक गाड्यांत ०.३ ते ०.६ मिलिमीटर, जाड व्हिजिटिंग कार्डाएवढी. वर्षांवर्षांनी पृष्ठभाग घासून ही फट वाढते. आता तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल ६० अंशांनी जास्त तापली तर जवळजवळ पाव पट जास्त, त्यामुळे करंट जवळजवळ एक पंचमांश कमी, आणि चुंबकाची ओढ त्याहूनही जास्त कमी. फेरीवर इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं, पंखा थांबतो, समोरचा वारा थांबतो आणि इंजिनची सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडते, बंद केल्यानंतरची पहिली दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखाली आधीपेक्षाही जास्त गरम असतं. चोडणला चालू केली तेव्हा माझी कॉइल सगळ्यात तापलेली आणि फट वाढलेली, प्लेट ओढलीच जायची नाही. दोन-तीन किलोमीटर वारा लागला की कॉइल निवायची आणि टक्.

फोंड्याच्या त्या गृहस्थांनी फीलर गेज घातला, पातळ पत्र्यांची ती जुडी, एक एक पत्रा सरकवत गेले आणि ०.९ वर थांबले. मला वाकून बघायला लावलं, पत्रा सैल जात होता. मग मधला एकच बोल्ट काढून प्लेट बाहेर काढली, आत नखाएवढ्या पातळ तीन वॉशर होत्या, त्यातली एक काढली, परत मोजलं, ०.५. अर्ध्या तासाचं काम, पार्ट नवीन एकही नाही. तीन वेळा गॅस भरायला जे दिलं त्याच्या तुलनेत काहीच नाही. गाडी अजून आमच्याकडेच आहे.

अशीच लक्षणं थकलेल्या रिलेची, म्हणजे क्लचचा करंट जोडणाऱ्या छोट्या स्विचची पण असतात. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर एसीचा रिले कुठला ते छापलेलं असतं, बाजूला हॉर्नचा तसाच, तोच नंबर छापलेला रिले असेल तर इग्निशन बंद करून दोघांची अदलाबदल करून बघा. फरक पडला तर रिले बदला, स्वस्त वस्तू आहे. आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर कमजोर असेल, इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास मिळत नसतील, तरी क्लचची ओढ कमी पडते.

पायरी ६: एसीवाल्याकडे काय बोलायचं

"गॅस चेक करा" असं म्हणू नका, मग गॅसच भरला जातो. तुमची तीन दिवसांची नोंद दाखवा आणि सांगा की गरम गाडी पंधरा मिनिटं बंद ठेवून चालू केली की इतक्या मिनिटांनी टक् येतो, किंवा उभ्या गाडीत कोमट होतो, जे असेल ते. चांगला कारागीर हे ऐकून खूश होतो.

गेज लावला की तुम्हीही बघा. निळा काटा लो साइडचा म्हणजे कमी दाबाच्या पाइपचा, लाल हाय साइडचा म्हणजे जास्त दाबाच्या पाइपचा. इंजिन बराच वेळ बंद असेल तर लाल-निळा दोन्ही काटे एकाच आकड्यावर असतात, आर-१३४ए गॅसला ३० अंशांना साधारण ९७ पीएसआय (दाबाचं माप). पण एक लक्षात ठेवा, सिस्टीममध्ये थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल तरी हा आकडा तोच दिसतो, म्हणजे बंद गाडीच्या प्रेशरवरून गॅस पुरेसा आहे की नाही ते कळत नाही. ५० दिसला तर जवळजवळ रिकामा. एसी चालू असताना आपल्या उन्हात लो साइड २५ ते ४५ आणि हाय साइड २०० ते २५० च्या दरम्यान साधारण बरोबर, गाडीप्रमाणे थोडा फरक.

खरंच कमी निघाला तर आधी लीक शोधायला लावा. नायट्रोजन भरून साबणाचं पाणी, किंवा चमकणारा रंग (डाय) टाकून यूव्ही लाइट. लीकच्या जागी गॅसबरोबर थोडं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते, मायनिंग पट्ट्यातल्या गाड्यांवर तर जोडाजवळ लालसर चिकट डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो, टॉर्च मारून स्वतः शोधा. लीक बंद करायची रेडीमेड बाटली टाकू देऊ नका, ती वॉल्व आणि गॅरेजचं गॅसचं मशीन दोन्ही चोंदवते.

सिस्टीम उघडली की ड्रायर (ओलावा शोषणारा डबा) नवीन, ओ-रिंग नवीन, आणि व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून घेणं, कमीत कमी अर्धा तास. पावसाळ्यात काम करत असाल तर आणखी जास्त, यात अजिबात घाई करू देऊ नका. हवेतला ओलावा आत राहिला तर तेलात मिसळून ॲसिड बनतं आणि आतून खातं, चांगल्या व्हॅक्यूममध्ये तेच पाणी ३० अंशांनाच उकळून वाफ होऊन बाहेर निघतं, त्यासाठीच ते पंप लावतात. मग गॅस वजनावर भरायचा. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात, छोट्या गाड्यांत बहुधा ३५० ते ५०० ग्रॅमच्या मधे. "थोडा जास्त टाकूया, गार होईल" हे ऐकायचं नाही, जास्त गॅसनेही कूलिंग कमी होतं आणि कॉम्प्रेसरवर लोड येतो. स्टिकरवर आर-१२३४वायएफ लिहिलं असेल तर तोच, दुसरा नाही. आणि जुना गॅस हवेत सोडू नका, मशीनमध्ये ओढून घ्या म्हणा. आर-१३४ए १९९०च्या दशकात आला तो ओझोनला भोक पाडणाऱ्या जुन्या आर-१२ च्या जागी, ओझोनला तो काही करत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. आपल्याच उन्हाळ्यात भर.

महिनोन्‌महिने उभ्या असणाऱ्या गाड्या

गोव्यात हे फार आहे. घरचा माणूस बोटीवर किंवा आखातात, गाडी सहा महिने शेडमध्ये झाकून, चतुर्थीला किंवा नाताळला आला की बाहेर काढायची आणि एसी लागतच नाही. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील तेलाने ओलं राहावं लागतं, बसून बसून सुकतं आणि तिथून गॅस जातो. घरात जे कोणी असतील त्यांनी आठवड्यातून एकदा शेडच्या बाहेर काढून दहा मिनिटं एसी लावून फिरवा, भर पावसातसुद्धा, पावसात तसाही काचेवरचं धुकं घालवायला एसी लागतोच. आणि बाहेर काढायच्या आधी बॉनेट उघडून उंदराने वायर कुरतडलीय का, फिल्टरच्या खोक्यात घरटं केलंय का ते बघा, क्लचची बारीक वायर तुटलेली असते आणि लोक कॉम्प्रेसर बदलायच्या गोष्टी करतात.

काम झाल्यावर गॅरेजच्या दारात गार लागतंय म्हणून पैसे देऊन निघू नका. जो उशीर तुम्ही लिहून ठेवला होता तोच परत घडवून बघा. गरम गाडी बंद करून थांबा, चहा घ्या, पंधरा मिनिटांनी त्याच बॉनेटसमोर उभं राहून टक् मोजा, मग दहा मिनिटं चालवून थर्मामीटर बघा. आणि किती ग्रॅम गॅस गेला, लो किती, हाय किती, फट किती ठेवली, हे तारखेसकट बिलावर लिहून घ्या आणि ते बिल ग्लोव्ह बॉक्समध्येच ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात जो कोणी बॉनेट उघडेल त्याच्या हातात पहिलं तेच द्या.